एकाचं चाललं की शेजारी तसंच दुसरं निघतं – नक्कल कुठपर्यंत चालवून घ्यायची?

पार्लेकरीण

मंडळी, बरेच दिवस मनात खदखदतंय ते आज लिहून टाकते. लांबलंय, तरी वाचा.

माझी आई पार्ले पूर्वेला राहते, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट करून विकते, तेवीस वर्षं झाली. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा शेजारच्या काकूंनी "तुमची भाजणी द्या ना मला किलोभर, पैसे घेऊन द्या" म्हटलं तिथून सुरुवात, आणि आता महिन्याला शंभरेक किलो जाते, दिवाळीआधी चकलीची वेगळी. जाहिरात कधीच नाही केली, सगळं या तोंडून त्या तोंडी. पाकीट म्हणजे खाकी कागदी पिशवी, त्यावर हिरव्या शाईत ठिपक्यांची रांगोळी आणि खाली आईचं नाव. ती रांगोळी मी नववीत असताना वहीच्या मागच्या पानावर काढलेली, तीच आजपर्यंत चालू आहे.

गेल्या श्रावणात अंधेरीच्या एका बाईंचा फोन आला, काकू यावेळची भाजणी कडवट निघाली हो, मेथ्या जास्त पडल्या का? आईने रात्री अकरा वाजता घरातल्या प्रत्येक डब्यातली मूठमूठ काढून थालीपिठं लावली, आम्ही सगळ्यांनी खाल्ली, एकही कडू नाही. आठवड्याने दुसरा फोन, मग तिसरा. शेवटी एक आजोबा पाकीटच घेऊन आले. खाकी पिशवी, हिरवी रांगोळी, आणि नावात फक्त एका अक्षराचा फरक! आम्ही ज्या दुकानात कधीच माल दिला नाही तिथून आणलेलं.

आई म्हणते सोडून दे, भाजणी काय आपण शोधून काढली का. ते मलाही पटतं, भाजणी घराघरात होते. पण मग त्या बाईंच्या फोनने आईची झोप का उडाली? यातलं नेमकं काय चोरलं गेलंय ते मला धड शब्दांत सांगता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं, आणि करायचं काय?

स्लो_लोकल

वाईट वाटलं वाचून. तरी दुसरी बाजू मांडतो, राग नसावा.

१९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पहिल्यांदा वडा पावात घालून विकला असं सांगतात. समजा तेव्हा त्यांनी "हे माझं आहे, दुसऱ्याने करायचं नाही" म्हटलं असतं आणि सरकारने ते मान्य केलं असतं, तर आज मुंबईकराने काय खाल्लं असतं? गिरण्या बंद पडल्यावर किती घरं वडापावच्या गाडीवर उभी राहिली ते आमच्या परळमध्ये मी डोळ्यांनी बघितलंय, माझ्या मामानेच नोकरी गेल्यावर गाडी लावली. त्याला कुणी विचारलं नाही की परवानगी घेतलीस का. पुढे २००१ मध्ये मालाडहून जंबोकिंग सुरू झालं, मग गोली आलं, म्हणजे गाडीवरच्या वस्तूची कंपनीसुद्धा झाली. एकाचं बघून दुसरा करतो म्हणूनच शहराला चव लागते. नक्कल म्हटलं की आपण लगेच चोरी म्हणतो ते मला पटत नाही.

पार्लेकरीण

राग कसला. पण तुमच्या मामांच्या गाडीवर "वैद्य" असं नाव होतं का हो?

स्लो_लोकल

नाही. मामाचंच आडनाव होतं. हं, मुद्दा कळला.

बोरू

पार्लेकरीण, तुम्हाला जे शब्दांत सांगता येत नाहीये ते आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी सांगून झालंय. मी शाळेत मराठी शिकवतो, हा माझ्या आवडीचा विषय आहे, जरा सविस्तर लिहितो.

तुकोबांच्या गाथेत सालोमालोवर अभंग आहे. हा दुसऱ्यांचे अभंग घ्यायचा आणि आपले म्हणून गायचा. तुकोबा म्हणतात, "म्हणती एकाचें आपुलें". म्हणजे माल दुसऱ्याचा आणि नाव माझं. ही झाली एक तऱ्हा, आणि आपण साधारण हिलाच चोरी म्हणतो.

पण दुसरी तऱ्हा बरोब्बर उलटी आहे. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीनशे वर्षांत लोकांनी हाताने प्रती उतरवताना तिच्यात आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या. यांनी ज्ञानदेवांचं काहीच घेतलं नाही, उलट स्वतःचं दिलं, फक्त ते ज्ञानदेवांच्या नावावर चालवलं. माल माझा, नाव दुसऱ्याचं. एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती जमवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावून ठेवलं –

ज्ञानेश्वरी पाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. आता बघा, नाथांनी ओवी लिहायला कुणालाच बंदी केलेली नाही. ओवी काय ज्ञानदेवांच्या मालकीची नव्हती, बायका जात्यावर म्हणतच होत्या, नाथांनी स्वतः हजारो लिहिल्या. तुमच्या ताटात काय वाढायचं ते वाढा, पण या ताटात नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

वडापावच्या गाड्या म्हणजे ओवीछंद, कुणीही लिहावा. तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते प्रक्षेप आहे, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपलं घुसडणं. सालोमालोने घेतलं तर मूळ कवीचं श्रेय जातं, पण प्रक्षेपवाल्याची वाईट ओवी मूळ कवीच्या खात्यावर चढते आणि त्याला पत्तासुद्धा नसतो. अंधेरीच्या बाईंचा फोन तुमच्याच घरी आला ना? त्या दुकानात नाही गेला.

पार्लेकरीण

सर, हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त "नरोटी" एवढं दोनदा म्हणाली आणि गॅसकडे वळली.

लालबागची_लेक

बोरूसर, फार आवडलं. पण नावसुद्धा कधीकधी सगळ्यांचं होऊन जातं, त्याचं काय करायचं?

आमच्या लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. पेरूचाळीतला बाजार बंद झाला होता, कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला, जागा मिळाली आणि गणपती बसला, म्हणून तो नवसाचा. आता मुंबईत कुठल्याही गल्लीत जा, अमक्याचा राजा, तमक्याचा महाराजा. आणि घरगुती मूर्ती सांगायला गेलं तर कारखान्यात निम्मे लोक मोबाईलवर फोटो दाखवतात की अस्साच करा, तीच बैठक, तसाच हात. मला आधी फार राग यायचा. माझे आजोबा त्या बाजारात बसायचे, त्यांच्यासाठी राजा म्हणजे तो नवस होता आणि ते फक्त आमचंच असं वाटायचं. पण आजोबाच म्हणायचे की आपल्या शेजारची गणेश गल्ली १९२८ ची आहे, आपल्याआधीची, आणि त्यांच्याआधी चिंचपोकळी १९२० ची, मग आपण कुणाचं बघून बसवला ते सांग.

आता राग येत नाही. कारण दुसऱ्या कुठल्या "राजा"पुढे उभं राहून कुणाला मी लालबागला आलोय असं वाटत नाही. गावाचं नाव पुढे लागलेलं असतं ना. मला वाटतं फसगत होते की नाही तिथे रेघ मारावी.

अँटॉप_हिलवाला

ट्रेडमार्कच्या कामात वीस वर्षं आहे म्हणून बोलतो. लालबागच्या ताईंनी जी रेघ सांगितली तीच कायद्याची रेघ आहे. आणि पार्लेकरीण, तुमच्या केसला लागू पडणारा निकाल नेमका तुमच्या पार्ल्याचाच आहे!

पार्ले कंपनी १९२९ ची. त्यांच्या ग्लुको बिस्किटाच्या पुड्यावर शेतावरच्या घराचं चित्र होतं, मधे पाण्याची बादली घेतलेली मुलगी, आजूबाजूला गाई आणि कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीने ग्लुकोज बिस्किटं काढली, त्यावरही शेत, गाई, कोंबड्या, मधे मुलगी, फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. पार्ले कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने दोन्ही पुडे शेजारी ठेवले, फरक मोजले आणि दावा फेटाळला, म्हैसूर हायकोर्टातही तेच. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. म्हणाले, गिऱ्हाईक काय दोन पुडे शेजारी ठेवून बघत नाही, आज एक बघितला आणि चार दिवसांनी दुसरा समोर आला तर तोच आहे असं वाटेल का एवढंच बघायचं, कोंबड्या किती आणि मुलीच्या हातात काय हे मोजत बसायचं नाही. साधं गिऱ्हाईक शेरलॉक होम्स नसतं असं निकालातच लिहिलंय.

तेव्हा "एका अक्षराचा फरक आहे" हे त्यांना वाचवणार नाही. उलट खाकी पिशवी, हिरवी शाई, रांगोळी आणि जवळपास तेच नाव हे सगळं एकत्र आल्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे.

एक लक्षात घ्या, "भाजणी" हा शब्द तुम्हाला मिळणार नाही, तो मालाचा शब्द आहे, कुणालाच मिळत नाही. पार्लेनेसुद्धा हे सोसलंय. जो तो ग्लुको, ग्लुकोज नावाने बिस्किटं काढायला लागला, दुकानात लोक नुसतं ग्लुकोज बिस्किट द्या म्हणून मागायचे आणि हातात भलताच पुडा यायचा, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नावच पार्ले-जी केलं. मालाच्या नावावरून हटून स्वतःच्या नावावर आले.

काय करायचं ते सांगतो. आईंच्या नावाने ट्रेडमार्कसाठी अर्ज करा, फॉर्म टीएम-ए, पिठं वगैरे वर्ग ३० मध्ये येतात, ऑनलाइन केलंत तर एका माणसाला एका वर्गाचे ४५०० रुपये. नाव आणि रांगोळी दोन्ही असलेलं लेबल द्या. अर्जात कधीपासून वापरताय ते लिहायचं असतं, तिथे तेवीस वर्षं लिहा आणि जुनी बिलं, गिरणीच्या पावत्या, दुकानांच्या चिठ्ठ्या, काय असेल ते जोडा. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आलं की चार महिने कुणालाही हरकत घेता येते, नोंदणी झाली की दहा वर्षं, मग परत वाढवायची. आणि तोवर हात बांधलेले नाहीत, नोंदणी नसली तरी दुसऱ्याच्या नावाचा आव आणून माल खपवल्याबद्दल दावा करता येतो, त्यांनी आधी नोंदणी केली तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा राखतो. आधी वकिलाची एक नोटीस द्या, बहुतेक तिथेच मिटतं.

आणि हो, रांगोळी तुम्ही काढलीत ना? मग त्या चित्राचा कॉपीराइट काढल्या दिवसापासून तुमचा आहे, नोंदणी करा वा नका करू.

पार्लेकरीण

नववीतल्या वहीच्या मागच्या पानाचा कॉपीराइट माझा?! हे आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. खूप खूप आभार. लहानपणी दुपारी शाळेतून येताना त्या फॅक्टरीचा बिस्किटांचा वास अख्ख्या पार्ल्यात यायचा, २०१६ मध्ये बंद झाली ती. तिची एवढी भांडणं झाली असतील असं कधी मनातही आलं नाही.

प्रभातफेरी

सिनेमाचं बोलू का थोडं. अशी ही बनवाबनवी, १९८८, घराघरात संवाद पाठ आहेत, बरोबर? तो हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या बीवी और मकानवरून घेतलेला. मूळ किती जणांनी बघितलाय? मला दोन्ही आवडतात पण खरं सांगायचं तर मराठीत त्याला जी भाषा मिळाली, ती घर शोधण्याची तगमग जशी आपली झाली, तसं मुळात नव्हतं. तेव्हा नक्कल मूळ वस्तूपेक्षा मोठी होऊ शकते हे मान्य करायला हवं.

आणि १९९१ चा रामगढ के शोलेही आठवा, नटांचे डुप्लिकेट घेऊन काढलेला. गब्बर मात्र खरा, खुद्द अमजद खान. म्हणजे मूळ माणूस आत बसवूनही मूळ वस्तू होत नाही.

स्लो_लोकल

+१ बनवाबनवीला.

धारावी_९०फूट

मी नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं कारण मी नक्कल करणाऱ्याच्या घरात वाढलोय.

माझे वडील चामड्याच्या बॅगा शिवायचे. सोलापूरकडून आले तेव्हा त्यांना काहीच येत नव्हतं. ज्या कारखान्यात लागले तिथे परदेशी बॅगा उसवून त्याचे कागदी पॅटर्न काढायचे आणि तशाच शिवायच्या, वर नाव पण परदेशी लावायचं. बाबांनी दहा वर्षं ते केलं. त्यांना त्या नावाचा उच्चारही नीट येत नव्हता, पण ती बॅग कुठे दुहेरी शिवलीय, कडेला चामडं किती पातळ तासलंय, पट्टा जिथे ओढ घेतो तिथे आत काय घातलंय हे सगळं त्यांना उसवून उसवून कळलं. कुठल्या शाळेने शिकवलं असतं त्यांना? आम्हाला कोण घेणार होतं शाळेत?

पुढे त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, स्वतःच्या नावाचा छोटा पितळी बिल्ला करून घेतला. पहिली बॅग परत आली, चेन तुटली म्हणून. बाबा आईला म्हणाले, दहा वर्षांत माझी एक बॅग परत आली नव्हती. मग स्वतःच म्हणाले, आली असेल, पण माझ्याकडे नाही आली. त्यानंतर ते चेन कधी स्वस्तातली घेत नाहीत.

म्हणून मला वाटतं हातांनी नक्कल करू द्यावी, गरिबाला शिकायचा दुसरा रस्ता नसतो. बिल्ला मात्र स्वतःचाच लावावा. ते नाव लावून विकणं चुकीचंच होतं हे आता बाबाही म्हणतात. पण तो निर्णय शिवणाऱ्याचा नव्हता, ऑर्डर देणाऱ्याचा होता, हेही लिहून ठेवतो.

बोरू

धारावी, लिहीत जा हो. वडिलांचं ते वाक्य माझ्या दोन पानांपेक्षा जास्त सांगतं.

दादरची_नऊवारी

आमच्यात "सेमी पैठणी" म्हणतात ना त्याबद्दल. येवल्याची हातमागाची पैठणी विणायला महिनेच्या महिने जातात, पदरावरचा मोर उलट बाजूनेही तसाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. पॉवरलूमच्या साडीत मागे धागे दिसतात. येवल्याच्या पैठणीला २०१० मध्ये जीआय मिळालं, म्हणजे भौगोलिक मानांकन, त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क. पण ज्या मुलीला लग्नात पाच हजारांच्या वर परवडत नाही तिने मोर नेसूच नये का? मी दुकानात दोन्ही ठेवते आणि गिऱ्हाईकाला पदर उलटा करूनच दाखवते. "सेमी" हा शब्द लावला की माझ्या मते भांडण मिटतं. तो शब्द गाळून हातमागाचा भाव लावतात ते बघवत नाही, त्यात विणकराची पोरं माग सोडून निघून जातात.

आंब्याचं तर बोलूच नका, पेटीवर देवगड आणि आत कुठलाही.

पार्लेकरीण

अपडेट देते, थोडं मोठं आहे.

वहिनी आणि मी त्या दुकानात गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. मालक म्हणाला मी बनवत नाही, एकजण आणून देतो. त्या माणसाचा नंबर घेतला, तो घाऊक बाजारातून तयार भाजणी पोत्याने घेऊन पाकिटं भरतो. त्याला विचारलं, आमचं पाकीट कुठून उचललंस? तर म्हणे मी तुमचं पाकीट बघितलंच नाही, छपाईवाल्याकडे गेलो, भाजणीचं पाकीट करायचंय म्हटलं, त्याने कॉम्प्युटरमध्ये एक तयार होतं ते दाखवलं, हे चालतं म्हणाला, नाव थोडं बदलून घेतलं.

छपाईवाला तोच, आमचाच, अठरा वर्षांपासूनचा. त्याला विचारलं तर त्याला खरंच कळेना यात काय चुकलं. म्हणाला, ताई, डिझाइन माझ्याकडे पडलं होतं, तुमचं चांगलं चालतं म्हणून त्यांना तेच सुचवलं.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की चोर शोधायला निघालो होतो आणि इथे कुणालाच आपण काही घेतलं असं वाटत नाहीये. दुकानदाराने माल ठेवला, त्याने पाकीट भरलं, याने छापलं. कडू थालीपीठ मात्र आईच्या नावावर.

अँटॉप हिलदादांनी सांगितलं तसा अर्ज केलाय. नोटीस पाठवली नाही कारण त्या माणसाने उरलेली पाकिटं आमच्यासमोर आणून दिली आणि लाल रंगात दुसरं छापून घेतो म्हणाला, वकिलाला विचारून ते लिहून घेतलं. छपाईवाल्याकडून फाइल काढून घेतली. आणि आईने एक केलं, आता प्रत्येक पाकिटावर दळणाची तारीख ती स्वतःच्या हाताने बॉलपेनने लिहिते, खाली फोन नंबर. शंभर पाकिटं लिहिताना हात दुखतो, मी शिक्का करून देते म्हटलं तर नको म्हणाली, शिक्का पण छापतीलच की.

अंधेरीच्या बाईंना तिने स्वतः जाऊन किलोभर दिली, पैसे घेतले नाहीत.

धारावी_९०फूट

त्या पाकीट भरणाऱ्याला सांगा भाजणी स्वतः भाजून बघ म्हणावं. कडू का झाली ते त्याला कळेल.

पार्लेकरीण

आई हेच म्हणाली! त्याला म्हणाली, अरे तू आणतोस त्यात सगळी धान्यं एकदमच भाजलेली आहेत, उडीद आधी करपतो आणि तांदूळ कच्चा राहतो, मेथ्यांचं तर विचारूच नकोस. त्याला प्रमाण लिहून दिलंन कागदावर. मी घरी येऊन म्हटलं, आई अगं, पाकिटासाठी एवढं भांडलो आणि तू त्याला अख्खी भाजणीच देऊन आलीस? तर म्हणते, भाजणी माझ्या सासूबाईंची, त्यांच्या आधी त्यांच्या आईची, ती अडवून मी काय करू, नाव तेवढं माझं आहे.

दादरची_नऊवारी

काकूंना सांगा आम्हालाही हवंय प्रमाण.

पार्लेकरीण

विचारून लिहिते, तिच्या शब्दांत. ज्वारी, बाजरी आणि जाडे तांदूळ दोन-दोन वाट्या, हरभऱ्याची डाळ एक वाटी, गहू एक वाटी, सालासकट उडीद अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरं पाव वाटी, मेथ्या एक लहान चमचा आणि त्याहून जास्त अजिबात नाही. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून घ्यायचे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद गॅसवर, बाजरी तडतडली की उतरवायची, उडीद वासावर ठेवायचा, मेथ्या गॅस बंद करून नुसत्या तापल्या कढईत परतायच्या. पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला न्यायचं नाही. गिरणीवाल्याला आधी कुणाचे तरी गहू दळून घ्यायला सांगायचं, मिरची किंवा हळद झाल्यावर लगेच नको, आणि पीठ किंचित रवाळ ठेवायचं.

आणि पाकिटावर आपलं नाव घाला म्हणते.